जाताना मारते, येताना नाही

गेल्या जुलैत आमच्या घरात रोज दुपारी तीनच्या सुमाराला एकच वाक्य ऐकू यायचं. आई डबे पोचवून यायची, गाडीची किल्ली फ्रिजवर टाकायची आणि म्हणायची, "आज पण मारली गं. जाताना मारते, येताना नाही."

'मारते' म्हणजे 'मिसिंग' मारते. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनच पेटायचं राहून जातं आणि गाडी उचकी लागल्यासारखी गचके खाते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर पिकअप वाढायच्या ऐवजी गाडी आणखीच थरथरते. मागून हॉर्न सुरू होतात.

आमची आई सांगलीत डब्यांचा व्यवसाय करते. रोज ४६ डबे, कुपवाड एमआयडीसीतल्या चार कारखान्यांत, साडेबाराच्या सुट्टीच्या आत. एक डबा ७० रुपये. बाबांची नोकरी सुटल्यापासून घर याच ४६ डब्यांवर चालतं, आणि ते डबे चालतात एका २०१५ च्या, सेकंड हँड घेतलेल्या, तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीवर. तेव्हा तिचं रनिंग १ लाख १२ हजार झालं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा डबे वीस मिनिटं उशिरा पोचले. एका कारखान्याच्या कँटीनवाल्यानं शांतपणे सांगितलं, "ताई, असंच होणार असेल तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." तिथले १४ डबे होते.

मग गाडी गॅरेजला गेली. तिथल्या माणसानं बोनेट उघडलं, दोनदा रेस केली आणि कागदावर हिशेब लिहून दिला. तीन इग्निशन कॉइल ७,२०० रुपये, तीन स्पार्क प्लग ४५०, इंजेक्टर क्लीनिंग १,५००, थ्रॉटल बॉडी ९००, मजुरी १,२००. एकूण ११,२५०. आईनं विचारलं, "पण नक्की बिघडलंय काय?" उत्तर मिळालं, "सगळं बदललं की प्रश्नच मिटला."

आईनं 'जाताना मारते, येताना नाही' हेही सांगून पाहिलं. तो हसला म्हणे. खरं सांगायचं तर घरी मीही हसलेच होते.

मी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. फॅरेडेच्या नियमावर आठ मार्कांचं उत्तर लिहून पूर्ण आठ मिळवलेली विद्यार्थिनी. त्यामुळे घरात आपोआप मी 'टेक्निकल' ठरले होते. प्रत्यक्षात मी तोवर बोनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलं होतं. पण ११,२५० म्हणजे साडेतीन दिवसांचा पूर्ण गल्ला, आणि त्यातून तांदूळ, तेल, गॅस आणि मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार अजून वजा व्हायचा होता. मी आईला म्हटलं, "प्लग मी बदलते." आई म्हणाली, "तू?" त्या 'तू'मध्ये बरंच काही होतं.

सकाळी सहा, गार इंजिन

मदतीला आले शेजारचे काका. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढून रिटायर झालेले. पहिलंच वाक्य, "पोरी, आमच्या वेळच्या लालपरीला प्लग नव्हताच की! डिझेलला ठिणगी कशाला?" आणि ते खरं आहे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की ती दाबानंच प्रचंड तापते. त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पेट्रोलला मात्र नेमक्या क्षणी ठिणगी द्यावी लागते. पण काकांकडे एक टू-स्ट्रोक स्कूटर वीस वर्षं होती, आणि त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, स्कूटर तिरकी करून किका मारणे, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासणे आणि ऑफिसला काळ्या बोटांनी जाणे हा त्यांच्या तरुणपणाचा भाग होता. माझे बाबासुद्धा या विषयावर आले की थांबत नाहीत.

काकांची पहिली अट: काम सकाळी सहाला, इंजिन पूर्ण गार असताना. मला वाटलं होतं हात भाजू नये म्हणून. तेही आहेच, पण खरं कारण वेगळं. इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि प्लगचं अंग पोलादाचं. गरम असताना जोर लावून प्लग काढला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर सोलून येऊ शकतात. एकदा हेडचे आटे गेले की शंभर-दीडशे रुपयांच्या प्लगचं काम काही हजारांवर जातं.

दुसरी अट: किल्ली काढून खिशात आणि बॅटरीची काळी वायर सुटी. (या अटीमुळे पुढे माझी एक मोठी चूक झाली, ती सांगतेच.)

आमच्या गाडीत इंजिनच्या वर एअर फिल्टरचा प्लॅस्टिकचा मोठा डबा बसलेला आहे. तो काढला की ओळीनं तीन कॉइल दिसतात. मी आतापर्यंत ज्याला 'कॉइल' म्हणत होते ती फिजिक्सच्या लॅबमधली, तांब्याची तार गुंडाळलेली, दोन्ही हातांत धरायची वस्तू. इथली कॉइल म्हणजे मुठीएवढं काळं डोकं आणि खाली वीतभर रबरी नळी. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक टोपी घातल्यासारखी. एका बोल्टवर बसवलेली, १० नंबरचा पाना लावला की सुटते. मोठा प्रश्न वायरच्या कनेक्टरचा. त्याला प्लॅस्टिकची बारीक कडी असते, ती दाबून ओढायचं. दहा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं असतं. पहिलीच कडी माझ्या हातून तुटली. काका काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या दोन स्वतः काढल्या.

कॉइल उपसली की खाली खोल विहीर दिसते आणि तळाशी प्लग. तिथं आधी हवा मारायची. विहिरीत साठलेली माती प्लग काढल्यावर थेट सिलिंडरमध्ये पडते, आणि तिथून ती बाहेर काढायला कुणाचाच हात पोचत नाही. आम्ही सायकलचा पंप वापरला. मग लांब एक्स्टेंशनला प्लगचा सॉकेट लावून उलटा फिरवायचा. सॉकेटच्या आत रबर किंवा चुंबक असतं, ते प्लगला धरून ठेवतं. हा सॉकेट मी २५० रुपयांना विकत घेतला.

पहिला प्लग निघाला. टोक फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं. काका म्हणाले, "हा निरोगी." प्लगचं टोक म्हणजे त्या सिलिंडरचा रिपोर्टच असतो. तपकिरी-करडा असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा नीट पेटत नाहीये, तेलकट असेल तर आत ऑइल येतंय, आणि पांढरा पडून फोड आले असतील तर इंजिन जास्त तापतंय. तिसरा प्लगही तपकिरी निघाला. दुसरा मात्र काळा, आणि त्याला पेट्रोलचा वास. शिवाय त्याच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अंगावर एक बारीक काळी रेघ, पेन्सिलनं ओढल्यासारखी. आणि त्या दुसऱ्या विहिरीत तळाशी थोडं ऑइल.

काका म्हणाले, "हे तेल इथं कसं?"

मी म्हटलं, "काका, साडेसात वाजले. आईला आठला कांदे आणायला गाडी पाहिजे." मी फडक्यानं तेल पुसलं आणि पुढे गेले.

नवा प्लग बसवायची काकांची युक्ती मात्र मी जन्मभर लक्षात ठेवणार आहे. पेट्रोलच्या पाइपाचा वीतभर तुकडा घ्यायचा, त्यात प्लगचं वरचं टोक खोचायचं आणि तो पाइप बोटांनी फिरवत प्लग आत सोडायचा. आटे सरळ लागले तर प्लग अलगद फिरत जातो. तिरके लागले तर पाइप प्लगवर नुसताच घसरतो, जोर बसतच नाही. पान्यानं सुरुवात केली तर हात सांगत नाही, सरळ आटे कापले जातात. बोटांनी पूर्ण बसला की मगच पाना, आणि तोही नव्या वॉशरच्या प्लगला अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच. "जोर दाखवायची जागा ही नव्हं," काका म्हणाले.

पावणेआठला गाडी सुरू झाली. दोन दिवस लोण्यासारखी चालली. मी कॉलेजात दोघींना सांगूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी तीन वाजता किल्ली फ्रिजवर पडली. "आज पण मारली गं."

१२ गुणिले १०० म्हणजे फक्त १,२००

त्या रात्री मी पहिल्यांदा पाठ्यपुस्तक आणि बोनेट यांचा एकत्र विचार केला.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ठिणगीला लागतात हजारो व्होल्ट. कॉइल म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मर: एका बाजूला जाड तारेचे थोडे वेढे, दुसऱ्या बाजूला केसासारख्या तारेचे साधारण शंभरपट वेढे. परीक्षेत आपण लिहितो, वेढे शंभरपट तर व्होल्टेज शंभरपट. म्हणजे १,२००. एवढ्यावर प्लगमध्ये काहीही होणार नाही. मग बाकीचे व्होल्ट येतात कुठून?

नळ पूर्ण सोडून एकदम बंद केला की जुन्या घरांत पाइप 'ठक्' करून आवाज देतो, ते आठवा. वाहतं पाणी एकदम अडवलं की दाब उसळतो. कॉइलमध्ये तसंच. इंजिनचा कॉम्प्युटर काही मिलिसेकंद करंट वाहू देतो, चुंबकक्षेत्र तयार होतं, आणि मग तो करंट झटक्यात तोडतो. क्षेत्र कोसळतं. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच: व्होल्टेज ठरतं बदलाच्या वेगावर. त्या झटक्यात पहिल्या बाजूलाच तीनशे-चारशे व्होल्ट उसळतात, आणि त्यांचे शंभरपट म्हणजे तीस-चाळीस हजार. आठ मार्कांच्या उत्तरात मी 'रेट ऑफ चेंज' हे शब्द अधोरेखित केले होते. त्यांचा अर्थ मला पार्किंगमध्ये कळला.

पूर्वी गाडीत एकच कॉइल असायची. पद्मिनीसारख्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नावाचं फिरतं टोपण ती वीज एकेका प्लगला वाटायचं आणि करंट तोडायचं काम 'पॉइंट' नावाचे दोन धातूचे ठिपके करायचे. पॉइंट घासणं हेही एक काम असायचं. आता प्रत्येक प्लगची स्वतःची कॉइल, आणि तोडायचं काम ट्रान्झिस्टर करतो. फायदा असा की एक बिघडली तरी बाकीच्या चालतात. तोटा असा की गाडी लंगडत का होईना चालत राहते, त्यामुळे आपण दुर्लक्ष करतो.

आता प्लग. मधला इलेक्ट्रोड आणि बाजूनं वाकून आलेला दुसरा, यांच्यात साधारण एक मिलिमीटरची फट. त्या फटीतून ठिणगी उडते. शहरात इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेरे घेतं असं धरा. प्रत्येक दोन फेऱ्यांना एक ठिणगी. ताशी ४० च्या वेगानं ३० हजार किलोमीटर झाले की एका प्लगनं साडेचार कोटी ठिणग्या टाकलेल्या असतात. धातू झिजतो, फट रुंदावते, धारदार कडा गोल होतात. वीज टोकदार कडेवरून सहज उडी मारते, गोल कडेवरून नाही. म्हणजे झिजलेल्या प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते पुरवण्याचा ताण पडतो कॉइलवर. म्हणून साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलतात. इरिडियमचं टोक असलेले महाग प्लग लाखभर टिकतात. इरिडियम वितळतं २,४०० अंशांच्याही पुढे, निकेल १,४५५ ला.

आणि मग मी ज्या गोष्टीला हसले होते तिच्याशी आले. साध्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, आणि दाब वाढला की ठिणगीला लागणारं व्होल्टेजही वाढतं. अ‍ॅक्सिलरेटर जितका जास्त दाबाल तितकी हवा जास्त आत, तितका दाब जास्त. भरलेली गाडी, चढ, तिसरा गियर: सगळ्यात जास्त व्होल्टेज तेव्हाच लागतं. रिकामी गाडी, उतार: सगळ्यात कमी.

जाताना ४६ डबे, आमटीचा मोठा डबा, आई आणि मावशी. येताना रिकामे डबे.

जाताना मारते, येताना नाही. कमजोर कॉइलचं याहून नेमकं वर्णन कुठल्या पुस्तकात नसेल. आईनं ते गॅरेजमध्ये सांगितलं होतं, मला दहा वेळा सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं, की चढावर 'तो पिवळा दिवा लुकलुकतो'. मी म्हटलं होतं, सेन्सरचा असेल. हा दिवा नुसता पेटला तर सवडीनं बघा. पण लुकलुकायला लागला तर त्याचा अर्थ मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. तो भाग वितळला तर ११,२५० सुद्धा स्वस्त वाटतील.

पाण्याचे चार जार

कॉलेजात एका मित्राकडे ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर होता. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ नावाची व्यवस्था सक्तीची आहे. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा खोचला की गाडी मोबाइलवर आपल्या तक्रारी वाचून दाखवते. मी मोठ्या आशेनं लावला. फक्त तीन दिवसांच्या नोंदी होत्या. त्याआधीचं सगळं बॅटरीची वायर काढली तेव्हाच पुसलं गेलं होतं. पुरावा मीच पुसला होता! त्यामुळे नियम लिहून ठेवा: आधी कोड वाचा, फोटो काढा, मग बॅटरीला हात लावा.

पण तीन दिवसांतही एक कोड पडला होता: पी ०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा. दुसरा सिलिंडर मिसिंग मारतोय.

दुसऱ्यात काय बिघडलंय, हे मात्र कोड सांगत नाही. प्लग नवा होता. कॉइल असू शकते, इंजेक्टर असू शकतो, वायर असू शकते. इथं मला वाटलं आता नवी कॉइल आणायची. काका म्हणाले, "अगं थांब. आणायच्या आधी अदलाबदल कर की." पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलायच्या. बाकी काहीही हलवायचं नाही. मग गाडी चालवायची. कोड दुसऱ्यावरच राहिला तर दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये. कोड पहिल्यावर गेला तर दोष कॉइलबरोबर गेला. खर्च शून्य. मी मार्करनं कॉइलवर १ आणि २ लिहिलं.

एक गोष्ट काकांना मी सांगितली म्हणून अभिमान आहे. त्यांच्या स्कूटरच्या काळातली परीक्षा म्हणजे प्लग काढून इंजिनला टेकवायचा, कीक मारायची आणि ठिणगी बघायची. मी म्हटलं, काका, बाहेर साध्या हवेत ठिणगी पडेलच, आतल्या दाबात पडेल याची खात्री नाही. शिवाय आताच्या कॉइलचा तीस हजारांचा झटका आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळायचे. काकांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे वजन घालून चालवायला पाहिजे," ते म्हणाले. आणि घरात गेले.

परत आले ते पाण्याचे २० लिटरचे दोन जार घेऊन. दोन आमच्याकडचे. चार जार मागे, ८० किलो, शिवाय काका आणि माझा धाकटा भाऊ. मी चालवत होते, भाऊ मोबाइल धरून. चढाला तिसऱ्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी थरथरली, पिवळा दिवा लुकलुकला. इतकी वाईट गोष्ट घडताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता. लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला, बाजूला घेतली.

भाऊ म्हणाला, "ताई, शून्य तीन शून्य एक."

कोड पहिल्यावर गेला होता. म्हणजे कॉइल. एक. तीन नव्हे.

मग काकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि यावेळी मी ऐकला. "ते तेल तिथं कसं?" इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाला, टॅपेट कव्हरला, रबराचं पॅकिंग असतं. ते दहा वर्षांत कडक झालं होतं आणि ऑइल झिरपून दुसऱ्या विहिरीत उतरत होतं. ऑइलनं कॉइलची रबरी नळी फुगून मऊ पडली होती. विजेला फटीतून उडी मारण्यापेक्षा प्लगच्या अंगावरून बाहेर पळायचा सोपा रस्ता मिळाला. ती पेन्सिलसारखी काळी रेघ त्याच पळवाटेची खूण. नव्या प्लगच्या धारदार कडांमुळे कमी व्होल्टेजमध्ये दोन दिवस भागलं, मग पुन्हा ऑइल साठलं. नुसती कॉइल बदलली असती तर काही महिन्यांत नवीही गेली असती. गॅरेजच्या ११,२५० च्या कागदावर पॅकिंगचं नाव नव्हतं.

पॅकिंगचं काम आम्ही केलं नाही. ते झाकण उघडण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती, आणि नसलेली हिंमत मान्य करणं शहाणपणाचं वाटलं. ओळखीच्या एका मेकॅनिकनं तासाभरात करून दिलं. हिशेब असा: कॉइल १,८५०, तीन प्लग ४२०, पॅकिंग ३५०, त्याची मजुरी ३००, रबरी नळीच्या आत लावायच्या सिलिकॉन ग्रीसची पुडी ६०, सॉकेट २५०. एकूण ३,२३०. पार्ट्सच्या दुकानात आठशेचीही कॉइल होती, हुबेहूब तसाच खोका. दुकानदार स्वतःच म्हणाला, "ही घ्यायची तर दोन घ्या, एक डिकीत ठेवायला." घेतली नाही.

त्या १४ डब्यांचं काय झालं? टिकले. पण कँटीनवाल्यानं सांगितल्यापासून गाडी नीट होईपर्यंतचे अकरा दिवस आई रोज चाळीस मिनिटं लवकर निघत होती. म्हणजे पोळ्या चाळीस मिनिटं लवकर, म्हणजे उठणं साडेतीनला. हा खर्च मी वरच्या हिशेबात धरलेला नाही.

गॅरेजवाल्याबद्दलही एक कबुली. तो फसवत होता असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते. तिन्ही कॉइल एकाच वयाच्या, एक गेली तर बाकीच्याही लवकरच जाणार, हा त्याचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. फेब्रुवारीत तिसरी कॉइल गेली.

मी तेव्हा एनसीसीच्या कॅम्पला होते. संध्याकाळी एक तास फोन मिळायचा. आईचा मेसेज होता, दुपारी एकचा. मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो, पी ०३०३. खाली दुसरा फोटो, कुपवाडच्या एका कारखान्याच्या गेटसमोर उघडलेलं बोनेट, कडेला रिकाम्या डब्यांची पिशवी, आणि आईच्या तळहातावर १० नंबरचा पाना. मी घाबरून फोन केला.

"अगं आधी अदलाबदल करून बघितली," आई म्हणाली. "मावशींना मागे बसवून चढावर नेली. मग दुकानातून कॉइल मागवली. कनेक्टरची कडी नाही तोडली हं मी."